आधी मोजणी, मग बिग ओ: अल्गोरिदमचा खर्च कागदावर कसा काढायचा

नागपुरात कळमन्याच्या बाजारात माझ्या मामांची संत्र्याची अडत आहे. तिथल्या पावत्यांसाठी मी त्यांना एक छोटा मॅक्रो, म्हणजे शीटमध्येच चालणारा प्रोग्राम, लिहून दिला होता. काट्यावरून आलेल्या पावत्या शीटमध्ये चढवायच्या आणि बटण दाबलं की कुठला नंबर दोनदा चढलाय ते लाल रंगात दाखवायचं, एवढंच त्याचं काम. एक पावती दोनदा चढली की शेतकऱ्याचा हिशोब चुकतो, म्हणून मामा रोज संध्याकाळी ते बटण दाबायचे. अंबिया बहाराच्या सुरुवातीला दोनशे पावत्या होत्या तेव्हा उत्तर लगेच यायचं. हंगाम भरात आला, पावत्या सहा हजारांवर गेल्या आणि एका संध्याकाळी फोन आला: "काऊन रे, मांगच्या महिन्यात तर बरं चालत होतं, आता काऊन अटकून राहिलं?"

पावत्या तीसपट झाल्या म्हणजे वेळही तीसपट लागेल, असं मामांना वाटणं साहजिक होतं. मी कागद घेऊन मोजलं तेव्हा काम नऊशे पटींच्या वर गेलेलं दिसलं. ही मोजणी मॅक्रो लिहितानाच पाच मिनिटांत झाली असती.

अल्गोरिदम, म्हणजे काम करायच्या ठरलेल्या पायऱ्या, आणि त्यांना लागणारा खर्च हा विषय मी इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवतो. बिग ओ, म्हणजे नोंदी वाढल्या की काम कसं वाढतं ते सांगणारी खूण. तिचा तक्ता बहुतेकांना पाठ असतो. कुठल्या सॉर्टला (क्रम लावायच्या पद्धतीला) काय लागतं ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतात. पण "सहा हजार नोंदींवर नेमक्या किती तुलना होतील?" असं विचारलं की पेन थांबतं. म्हणून हा लेख उलट्या बाजूने चालतो. आधी नेमकी संख्या काढू. बिग ओ त्यातून आपोआप पडतो. कागद-पेन जवळ घ्या आणि पावत्यांचंच उदाहरण शेवटपर्यंत धरून चला.

पायरी १: काय मोजायचं ते ठरवा

सेकंद मोजू नका. सेकंद मशीनवर, भाषेवर आणि हवेवरही अवलंबून असतात. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला गेला की लॅपटॉपचा प्रोसेसर तापतो आणि स्वतःला जपण्यासाठी वेग कमी करतो. तोच प्रोग्राम पहाटे वेगळा आकडा देतो, दुपारी वेगळा.

मोजायची ती एक क्रिया. माझ्या मॅक्रोमध्ये ती होती 'दोन नंबर सारखे आहेत का' ही तुलना. क्रिया निवडताना एकच कसोटी लावा: प्रोग्राममध्ये सर्वांत जास्त वेळा घडणारी गोष्ट तीच आहे का? ती चुकीची निवडली तर पुढचं सगळं गणित बरोबर येऊनही निष्कर्ष चुकतो. पुढे तिसऱ्या पायरीत याचं उदाहरण येईल.

दुसरी गोष्ट म्हणजे आकार. पावत्यांची संख्या 'एन' धरू.

पायरी २: ओळींशेजारी आकडे लिहा, मग बेरीज करा

माझा मॅक्रो असा होता:

प्रत्येक पावती घ्या
  तिच्या आधीची प्रत्येक पावती घ्या
    नंबर सारखे आहेत का? (ही आपली क्रिया)

पहिल्या पावतीच्या आधी कोणी नाही, म्हणजे ० तुलना. दुसरीला १, तिसरीला २, शेवटचीला एन − १. बेरीज:

० + १ + २ + … + (एन − १) = एन(एन − १)/२

हे सूत्र शाळेत झालेलं असतं, तरी ते पुन्हा पटवून घ्या. पहिला आणि शेवटचा आकडा जोडा, दुसरा आणि शेवटून दुसरा जोडा. प्रत्येक जोडीची बेरीज एन − १ येते आणि अशा जोड्या एन/२. याहून छान अर्थ असा की प्रत्येक पावतीची दुसऱ्या प्रत्येक पावतीशी एकदा गाठ पडते, म्हणजे ही जोड्यांचीच संख्या आहे.

आता आकडे घाला. २०० पावत्यांना १९,९०० तुलना. ६,००० पावत्यांना १,७९,९७,०००. भागाकार सुमारे ९०४. मामांच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर या एका ओळीत आहे. आणि माझा मॅक्रो प्रत्येक तुलनेसाठी शीटमधला सेल वाचत होता, जे काम मुळातच हळू चालतं.

बिग ओ आता लिहा, आधी नाही. एन(एन − १)/२ मध्ये मोठ्या एनसाठी एन वर्ग हेच पद वजनदार, म्हणून 'एन वर्गाच्या ऑर्डरचं'. ही खूण पॉल बाखमान या जर्मन गणितज्ञाने १८९४ मध्ये नंबर थिअरीसाठी, म्हणजे पूर्णांकांच्या गणितासाठी, वापरली. संगणक तेव्हा नव्हतेच. ती मुद्दाम माहिती लपवते. पुढचा अर्धा गुणक ती गिळते. दोन पद्धतींची ऑर्डर एकच असेल तेव्हा निवड त्या गिळलेल्या गुणकावरच होते, म्हणून नेमकी संख्या वहीत ठेवा.

पायरी ३: माल कसा येतो ते विचारा

इथे थोडं थांबू, कारण या विषयाचं खरं गणित इथे आहे.

दुबार पावत्या शोधायचा दुसरा मार्ग म्हणजे नंबर क्रमाने लावायचे. सारखे नंबर शेजारी येतात आणि एका फेरीत सापडतात. इन्सर्शन सॉर्ट घेऊ. हातात पत्ते लावतो तसं: नवी पावती घ्या, लावलेल्या गठ्ठ्यात शेवटून मागे मागे सरका आणि लहान नंबर भेटला की तिथे खोचा.

किती तुलना? ते पावत्या कुठल्या क्रमाने आल्या त्यावर ठरतं. आधीच क्रमाने असतील तर एन − १. पूर्ण उलट्या असतील तर परत एन(एन − १)/२. मधलं काय? त्यासाठी 'उलट जोडी' ही कल्पना घ्या: मोठा नंबर आधी आणि लहान नंतर आलेली कुठलीही जोडी. नवी पावती मागे सरकताना तिच्याहून मोठ्या प्रत्येक नंबरला एकदा ओलांडते, म्हणजे एकूण सरकणं बरोबर उलट जोड्यांइतकं. कमी नाही, जास्त नाही.

सगळे क्रम सारख्याच शक्यतेचे असतील तर सरासरी उलट जोड्या किती? सगळे क्रम लिहायची गरज नाही. कुठलीही एक जोडी उचला. ती उलट असण्याची शक्यता निम्मी. जोड्या एन(एन − १)/२. म्हणून सरासरी एन(एन − १)/४. जोड्या एकमेकींवर अवलंबून आहेत, तरीही सरासऱ्यांची बेरीज करता येते. या एका नियमावर अल्गोरिदमच्या विश्लेषणाचा निम्मा डोलारा उभा आहे, आणि वर्गात यावर जेमतेम दहा मिनिटं जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तोच नियम एका वेगळ्या प्रश्नावर लावून बघा. अडतीतल्या फळ्यावर 'आजचा सर्वांत चढा भाव' लिहिलाय. नवा भाव त्याहून चढा आला की पुसून नवा लिहायचा. भाव सगळे वेगळे आणि अगदी यादृच्छिक क्रमाने येत असतील, तर सहा हजार सौद्यांत फळ्यावर किती वेळा लिहावं लागेल? दहावा सौदा आतापर्यंतच्या दहांत सर्वांत चढा असण्याची शक्यता १/१०. शंभराव्याची १/१००. बेरीज १ + १/२ + १/३ + … + १/६०००, म्हणजे सुमारे ९.३. सहा हजार सौदे आणि फळ्याला जेमतेम नऊ वेळा हात! पहिल्यांदा ऐकलं की खरं वाटत नाही. मात्र भाव सकाळपासून चढतच गेला तर सहा हजार वेळा लिहावं लागेल. सरासरी ही अल्गोरिदमची नसते, अल्गोरिदम आणि येणारा माल या दोघांची मिळून असते. ही बेरीज हार्मोनिक बेरीज म्हणून ओळखली जाते. आपण तिला 'एच' म्हणू.

आता इन्सर्शन सॉर्टच्या तुलना नेमक्या काढू. प्रत्येक ओलांडण्याला एक तुलना, आणि जिथे लहान नंबर भेटून थांबलो तिथली एक जास्तीची. ही जास्तीची तुलना प्रत्येक पावतीला होते. फक्त पावती आतापर्यंतची सर्वांत लहान असेल तर ती थेट टोकाला जाते आणि थांबवणारं कोणी भेटत नाही. तशा पावत्या सरासरी किती? फळ्याचाच प्रश्न, चढ्याच्या जागी उतरता. म्हणून:

सरासरी तुलना = एन(एन − १)/४ + एन − एच

सूत्र हाती आलं की लहान आकड्यावर हाताने पडताळा. तीन पावत्या, सहा क्रम, प्रत्येकाच्या तुलना:

१२३: २
१३२: ३
२१३: २
२३१: ३
३१२: ३
३२१: ३

बेरीज १६, सरासरी १६/६. सूत्रात ३ घाला: १.५ + ३ − १.८३३… = २.६६६…, म्हणजे १६/६ च. तीन वस्तूंचे सहा क्रम, चारांचे चोवीस, हा हिशोब भास्कराचार्यांच्या ११५० मधल्या 'लीलावती'त 'अंकपाश' प्रकरणात आहे. सरासरी काढताना भागाकार याच संख्येने होतो.

मग मामांच्या पावत्यांचं काय? त्या यादृच्छिक नव्हत्याच. नंबर क्रमाने छापलेले. हमालांच्या हातून, काट्यावरून येताना थोड्या पुढेमागे होतात, इतकंच. समजा कुठल्याही पावतीच्या आधी तिच्याहून मोठ्या नंबरच्या जास्तीत जास्त ८ पावत्या येतात. मग उलट जोड्या ८ × ६,००० = ४८,००० च्या आत आणि तुलना जास्तीत जास्त ५३,९९९. पूर्ण यादृच्छिक मालाला हाच आकडा ९० लाखांवर जातो. तक्त्यात 'एन वर्ग' म्हणून बाद ठरलेली पद्धत या मालावर उत्तम चालते. पायथनचा २००२ पासूनचा सॉर्ट आधीच क्रमात असलेले तुकडे शोधून त्यांचा फायदा घेतो, तो याच कारणाने.

पहिल्या पायरीत सांगितलेला धोका इथे दाखवतो. एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, लावलेला गठ्ठा क्रमानेच आहे, मग जागा बायनरी सर्चने शोधली तर?" म्हणजे दर वेळी मधला नंबर बघून निम्मा गठ्ठा सोडून द्यायचा. छान प्रश्न. सहा हजारांत बायनरी सर्चला जास्तीत जास्त १३ तुलना लागतात, म्हणजे सगळ्या मिळून ७८,००० च्या आत. तुलनाच मोजल्या तर यादृच्छिक मालावरही प्रश्न सुटला असं वाटतं. पण जागा सापडल्यावर ती रिकामी करायला बाकीचे नंबर एकेक घर सरकवावेच लागतात, आणि सरकणं उलट जोड्यांइतकंच राहतं: सरासरी ८९,९८,५००. क्रिया बदलली की निकाल बदलतो. अशा वेळी दोन्ही मोजा.

पायरी ४: स्वतःलाच हाक मारणारी पद्धत असेल तर थर मांडा

हे लवकर आटोपतं. मर्ज सॉर्ट गठ्ठ्याचे दोन भाग करतो, दोन्ही लावतो, मग एकत्र करतो. एकत्र करायला एनपेक्षा कमी तुलना. वरच्या थराला एक गठ्ठा, खाली दोन अर्धे, त्याखाली चार पाव. पण प्रत्येक थराची बेरीज एनच्या आतच. ६,००० निम्मं करत गेलं की १३ थरांत एकेक पावती उरते. म्हणून १३ × ६,००० = ७८,००० च्या आत, माल कसाही येवो. सूत्र पाठ करण्यापेक्षा थरांचं झाड काढा आणि प्रत्येक थराची बेरीज शेजारी लिहा. थरांच्या बेरजा सारख्या आल्या की थरांच्या संख्येने गुणा. खाली ठरावीक पटीने वाढत किंवा घटत गेल्या की भूमितीय श्रेणी.

पायरी ५: डेटा स्ट्रक्चरसाठी पूर्ण हंगामाचा खर्च काढा

डेटा स्ट्रक्चर म्हणजे माहिती ठेवायची रचना. तिथे एका क्रियेचा खर्च विचारून भागत नाही. पावत्या ठेवायची यादी भरली की मोठी जागा घेऊन सगळ्या नव्या जागी कॉपी कराव्या लागतात. दर वेळी १०० घरं वाढवली तर ६,००० पावत्यांपर्यंत कॉपी होतात १०० + २०० + … + ५,९०० = १,७७,०००. एका घरापासून सुरू करून दर वेळी दुप्पट केली तर १ + २ + ४ + … + ४,०९६ = ८,१९१. एखादी पावती चढवताना चार हजार कॉपी होतात हे खरं, पण ती वेळ क्वचित येते. पूर्ण हंगामात दर पावतीमागे दोनाहून कमी कॉपी.

आता मी शेवटी वापरला तो हॅश टेबल. नंबरावरून एक खण ठरवायचा. तो भरलेला असेल तर पुढचा, तोही भरलेला असेल तर त्याच्या पुढचा. याला लिनिअर प्रोबिंग म्हणतात. भरलेल्या खणांची सलग रांग जितकी लांब, तितकी नवी पावती तिच्यावरच येऊन आदळण्याची शक्यता जास्त, म्हणून लांब रांगा आणखी लांब होतात. हे गणित कठीण आहे. डोनाल्ड कनूथ यांनी ते जुलै १९६३ मध्ये सोडवलं. टेबलचा भरलेला अंश 'भ' धरला, तर मोठ्या टेबलसाठी सरासरी खण तपासावे लागतात:

असलेला नंबर शोधताना: ½ (१ + १/(१ − भ))
नसलेला नंबर शोधताना: ½ (१ + १/(१ − भ)²)

आकडे घाला म्हणजे सूत्र बोलायला लागतं. टेबल निम्मं भरलेलं: १.५ आणि २.५. पाऊण भरलेलं: २.५ आणि ८.५. नव्वद टक्के भरलेलं: ५.५ आणि ५०.५. शेवटच्या उडीकडे नीट बघा. पाऊणच्या पुढे टेबल जाऊ देऊ नये, ते या उडीमुळे.

आमच्या कामाला ८,१९२ खण घेतले. ६,००० पावत्या चढल्या की भ = ०.७३. पावती चढवताना जितके खण बघितले तितकेच ती पुन्हा शोधताना बघावे लागतात, म्हणून चढवण्याचा एकूण खर्च पहिल्या सूत्राने निघतो: ६,००० × २.३७, म्हणजे सुमारे १४,२००. आधीच्या १,७९,९७,००० शी तुलना तुम्हीच करा.

पण सूत्राच्या मागे एक अट उभी आहे: नंबर खणांमध्ये सारखे पसरले पाहिजेत. माझ्या पहिल्या प्रयत्नात खण होते १०,००० आणि खण ठरवायला मी नंबराला १०,००० ने भागून बाकी घेतली. पावतीचा नंबर होता ३४७/२०२३ अशा धाटणीचा, आणि तिरकी रेघ काढून मी ३४७२०२३ केला होता. बाकी किती? २०२३. पुढची पावती ३४८२०२३, बाकी २०२३. सगळ्या पावत्यांचा खण एकच! पहिलीला १ खण, दुसरीला २, तिसरीला ३. बेरीज एन(एन + १)/२, म्हणजे फिरून तिथेच. वर्ष काढून नुसता अनुक्रमांक घेतला आणि टेबल ८,१९२ खणांचं केलं, तेव्हा सलग नंबर सलग खणांत बसले आणि एकही टक्कर झाली नाही. सूत्राने सांगितलेल्या १४,२०० पेक्षाही काम कमी झालं, कारण हा मालही यादृच्छिक नव्हता.

पायरी ६: काउंटर लावून कागदाशी ताळा करा

प्रोग्राममध्ये निवडलेल्या क्रियेशेजारी एक काउंटर ठेवा. एन दुप्पट करत जा, १,०००, २,०००, ४,०००, आणि मागच्या आकड्याशी गुणोत्तर काढा. एन वर्गाचं काम चौपटीच्या जवळ जातं, सरळ रेषेतलं दुपटीच्या, मर्ज सॉर्ट दुपटीहून थोडं वर. पण गुणोत्तर जमलं म्हणून थांबू नका. आकडाच जमला पाहिजे.

नेमकी सूत्रं काउंटरशी तंतोतंत जुळायला हवीत: पहिल्या मॅक्रोला, एकही दुबार नसताना, ६,००० वर १,७९,९७,००० च. एकाचा जरी फरक आला तरी लूपची हद्द तपासा. सरासरीच्या सूत्रांना मात्र थोडी सूट द्यावी लागते, आणि किती द्यायची तेही मोजता येतं. यादृच्छिक क्रमात उलट जोड्यांचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती दूर जातात त्याचं माप) म्हणजे एन(एन − १)(२एन + ५)/७२ याचं वर्गमूळ. ६,००० ला सुमारे ७७,४७०. अपेक्षित तुलना सुमारे ९०,०४,४९१. तुमचा काउंटर यापासून लाख-दीड लाखाच्या आत राहिला तर ठीक. तीन लाखांनी सरकला तर नशिबाला दोष देऊ नका, कुठेतरी चूक आहे.

पहिला संशय शफलवर, म्हणजे चाचणीसाठी पावत्या यादृच्छिक क्रमाने पिसण्यावर, घ्या. बरेच जण प्रत्येक जागेची अदलाबदल सगळ्या जागांमधल्या कुठल्याही एकीशी करतात. तीन पावत्यांवर हे तपासा: प्रत्येक जागेला तीन पर्याय, म्हणजे ३ × ३ × ३ = २७ वाटा. क्रम सहा. सत्तावीस वाटा सहा क्रमांत सारख्या वाटता येत नाहीत, म्हणजे काही क्रम जास्त वेळा येणारच आणि तुमची सरासरी आमच्या सूत्राची राहणार नाही. अदलाबदल फक्त अजून न ठरलेल्या जागांमध्येच करा: पहिल्या जागेला तीन पर्याय, दुसरीला दोन, तिसरीला एक. वाटा सहा, क्रम सहा, प्रत्येकाला एक. मग काउंटर शून्यावर आणून पुन्हा चालवा.